कॉन्ट्रा खरंच फास्ट पळतो का? जुन्या गेमच्या आवृत्त्या ताडून पाहण्याची रीत

"मोबाइलवरचा कॉन्ट्रा फास्ट पळतो भो, आपला ओरिजिनल असा नव्हता." जळगाव-भुसावळकडे टीव्ही गेमचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. धुळ्याकडे त्यातला 'भो' गळतो, तक्रार तीच राहते. जाणवलेला फरक खरा आहे. त्याची कारणं मात्र भलतीच सांगितली जातात: ॲप डुप्लिकेट आहे, मोबाइलचा प्रोसेसर जास्त ताकदीचा आहे, आता आपला हात चालत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं 'ॲप डुप्लिकेट' म्हणत होतो. मग एके दिवशी घड्याळ लावलं आणि मत बदलावं लागलं.

एकाच गेमच्या दोन आवृत्त्या ताडून पाहताना लोक एका वेळी चार गोष्टी बदलतात: मशीन, टीव्ही, बटणं आणि गेमची प्रत. मग फरक कशामुळे पडला ते कळायला मार्ग उरत नाही. खालचे टप्पे त्यासाठीच आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका. गतीच्या आधी चित्र बसवलंत तर ते काम पुन्हा करावं लागेल.

## १. आधी ठरवा, तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती खेळला होतात

'मी कॉन्ट्रा खेळलोय' एवढं पुरत नाही. कोनामीचा कॉन्ट्रा १९८७ साली व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनवर आला, आणि त्याचा पडदा उभा होता. १९८८ मध्ये जपानच्या फॅमिकॉमवर आणि अमेरिकेच्या एनईएसवर, म्हणजे निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनांवर, तो घरगुती रूपात आला. या दोन्हींत टप्पे तेच आहेत, पण जपानी कॅसेटमध्ये कोनामीची स्वतःची खास चिप होती. म्हणून जंगलात माडाच्या झावळ्या हलतात, बर्फाच्या टप्प्यात हिमकण उडतात आणि टप्प्यांच्या मध्ये नकाशा दिसतो. अमेरिकन आवृत्तीत यातलं काही नाही. युरोपात १९९० साली हाच गेम 'प्रोबोटेक्टर' नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी रोबो घातले.

तपासा: पहिल्याच टप्प्यात दोन सेकंद थांबून मागची झाडं पाहा. हलत असतील तर जपानी प्रत, स्थिर असतील तर अमेरिकन, आणि धावणारा रोबो असेल तर युरोपची.

नाव एक असलं तरी गेम एक असेलच असं नाही. १९९३ चा सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवरचा 'अलादीन' आणि त्याच वर्षीचा सुपर निंटेंडोवरचा 'अलादीन' वेगळ्या कंपन्यांनी वेगळे बनवलेले दोन गेम आहेत. मेगा ड्राइव्हवर त्याच्या हातात तलवार आहे, सुपर निंटेंडोवर नाही. आपल्याकडे कॉम्प्युटरवर जो चालायचा तो मेगा ड्राइव्हवाल्याचा भाऊ. 'रोड रॅश'चंही तसंच. सायबर कॅफेतला विंडोजवरचा गेम १९९४ च्या थ्रीडीओ या कन्सोलच्या आवृत्तीतून आलेला आहे. १९९१ च्या मेगा ड्राइव्हवाल्याशी त्याची तुलना करून 'पोर्ट (दुसऱ्या मशीनसाठी केलेली आवृत्ती) बिघडवला' म्हणणं चूक आहे.

'मुस्तफा'ची बातच निराळी. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉम, १९९३. हा पार्लरचा गेम कुठल्याही घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे आलाच नाही. सेगा सीडीवर त्याच नावाचा जो गेम आहे त्याचा याच्याशी संबंध नाही. म्हणजे 'मुस्तफाची कोणती आवृत्ती चांगली' या वादाला मुळात विषयच नाही.

पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर खेळताना उडी मारून हवेतच आगीचे गोळे सुटत होते असं आठवतंय? ती कॅपकॉमची आवृत्ती नव्हे, कुणीतरी फेरफार करून विकलेला बोर्ड होता. आठवण खरी आहे, पण मूळ गेम मोजताना ती बाजूला ठेवा.

प्रत कुठून आणायची? शक्य तिथे विकतच घ्या. कोनामीच्या २०१९ च्या 'कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन'मध्ये पार्लरची, अमेरिकन आणि जपानी अशा तिन्ही आवृत्त्या एकत्र मिळतात. तुलनेसाठी याहून सोपी सोय नाही. कुठूनतरी उतरवलेल्या फाइली कायद्यात बसत नाहीत. शिवाय त्यांच्यात शस्त्रं वाढवलेल्या, टप्पे निवडता येणाऱ्या भेसळ प्रती भरपूर असतात. 'अमुक लाख इन वन' कॅसेटमध्येही हाच प्रकार होता.

## २. जुनं मशीन चालू करायच्या आधी

माळ्यावरून खोका काढला आणि थेट प्लगमध्ये घातला, इथेच मशीन जळतात.

सावध: अडॅप्टरवरचे व्होल्ट, एसी की डीसी, आणि पिनच्या मधोमध प्लस आहे की मायनस, हे तिन्ही मशीनवरच्या चिठ्ठीशी जुळवा. पिन आत बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असा अर्थ होत नाही. अमेरिकन एनईएसचा अडॅप्टर एसी देतो. तो डीसी मागणाऱ्या जपानी फॅमिकॉमला लावला तर मशीन जातं. परदेशातून आलेला अडॅप्टर १२० व्होल्टचा असेल तर आपल्या २३० मध्ये तोच आधी उडेल.

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी ती मारली आहे आणि तेवढ्यापुरती कॅसेट चालूही झाली आहे. पण फुंकरीतली ओल पत्र्यांवर बसते आणि ते हळूहळू गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवा, सोनेरी पत्रे पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे हे मिळतं. जळगावात गोलाणी मार्केटला चौकशी करा. चैत्र-वैशाखाच्या धुळीनंतर काडी दोनदा काळी झाली तरी नवल नाही, स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा.

आणखी एक, खास आपल्याकडचं. लाइट गेली म्हणून साध्या, चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवलं तर जुना ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर गुणगुणतो आणि तीच गुणगुण आवाजात उतरते. लोक मग 'या मशीनचा आवाज खराब' असं लिहून ठेवतात. लाइट आल्यावर परत ऐका. मे महिन्यात भरदुपारी पत्र्याखाली बसून तास-तास मशीन तापवू नका, सकाळची वेळ धरा.

सावध: जुना डबा टीव्ही मिळाला तर तो वापरा, पण मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आत विजेचा जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. ते काम जुन्या टीव्ही मेकॅनिकचं.

## ३. गती: सगळा घोळ इथे आहे

या टप्प्याला वेळ द्या. बाकीचे घाईत उरकले तरी चालतील.

जपान-अमेरिकेचे टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवायचे, भारत आणि युरोपचे ५० वेळा. त्या काळचे बहुतेक गेम चित्रांच्या संख्येवरच चालायचे: एक चित्र, एक पाऊल. त्यामुळे ६० साठी लिहिलेला गेम ५० च्या मशीनवर घातला की तो आपोआप मंदावतो. ६० सेकंदांचं काम ७२ सेकंदांत होतं. गाण्याची लयही तेवढीच सुस्तावते.

आपल्याकडच्या टीव्हीला चालावेत म्हणून विकले गेलेले टीव्ही गेम, म्हणजे फॅमिकॉमच्या नकली मशीन, ५० चित्रांचे होते आणि आतल्या कॅसेटी जपान-अमेरिकेच्या. म्हणजे आपण ज्याला 'ओरिजिनल स्पीड' म्हणतो तो मंदावलेला वेग होता. मोबाइलवरचा एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) ६० ने चालतो, तोच बनवणाऱ्यांना अपेक्षित वेग. माझं लहानपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तासावर भाड्याने आणलेल्या मशीनवर मी जो मारिओ पळवला, तो क्योटोतल्या पोराच्या मारिओपेक्षा हळू पळत होता. हे कळल्यावर आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की आपली आठवण खोटी नव्हती, फक्त तिचं कारण आपल्याला माहीत नव्हतं.

हे मोजायची पद्धत:

क) 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा चालू करा आणि जागचं हलू नका.

ख) वरच्या कोपऱ्यातला वेळ ३९० झाला की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, २९० ला बंद करा.

ग) गेममधला एक आकडा २४ चित्रांनी उतरतो. म्हणून हे शंभर आकडे ६० च्या मशीनवर ४० सेकंदांत आणि ५० च्या मशीनवर ४८ सेकंदांत संपतात.

तपासा: उत्तर २७ सेकंदांच्या आसपास आलं तर एम्युलेटर तुमच्या मोबाइलच्या ९० हर्ट्झ पडद्याच्या तालावर चालला आहे. २० च्या आसपास आलं तर १२० हर्ट्झच्या. मोबाइलच्या सेटिंगमध्ये पडदा ६० वर आणा आणि परत मोजा. तोवर पुढे जाऊ नका.

सावध: युरोपात अधिकृतपणे विकलेला मारिओ ५० साठी मुद्दाम दुरुस्त केलेला होता. हे माप त्याला लावू नका.

आता लहानपणीचाच वेग हवा असेल तर काय? इथे बहुतेक जण एम्युलेटरमध्ये प्रदेश 'पाल' करतात आणि फसतात. 'पाल' म्हणजे युरोपचं अधिकृत एनईएस. त्याची आतली घड्याळं वेगळी, त्यामुळे आवाजाची पट्टीही थोडी उतरते. आपल्याकडच्या मशीनांच्या जातीला मेसेन आणि एफसीईयूएक्स या एम्युलेटरमध्ये 'डेंडी' असं नाव आहे. १९९२ पासून रशियात विकल्या गेलेल्या तशाच एका नकली मशीनचं हे नाव. यात चित्रं ५० च, पण प्रोसेसरची चाल जपानी मशीनच्या जवळची. लय मंद राहते, सूर मात्र फारसा पडत नाही. डेंडी निवडा, मारिओ परत मोजा, ४८ सेकंद आले की तुम्ही घरी पोचलात.

कॉम्प्युटरच्या जुन्या गेमचं दुखणं वेगळं असतं. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' किंवा 'अलादीन' डॉसबॉक्स या डॉसचे गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये घेताना वेग 'सायकल्स' या आकड्यावर ठरतो. कंट्रोल धरून एफ ११ दाबलं की आकडा उतरतो, एफ १२ दाबलं की चढतो. गेम अडखळला तर चढवा. पण ज्यांची गती थेट प्रोसेसरवर अवलंबून आहे असे जुने गेम आकडा चढवल्यावर सैरभैर पळतात. एकदा आकडा बसला की वहीत लिहून ठेवा.

## ४. चित्र: ताणलेला रयू, बुटका प्रिन्स

गतीनंतरच चित्राकडे वळा. काही एम्युलेटरमध्ये प्रदेश बदलला की चित्राचं प्रमाणही आपोआप बदलतं.

रुंद टीव्हीवर चित्र कडेपर्यंत ताणू नका. ते एक तृतीयांशाने फुगतं आणि उडीचा अंदाज चुकतो. जुने कन्सोल ४:३ पडद्यासाठी होते, तेच प्रमाण निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. उलटी चूकही होते. पार्लरच्या स्ट्रीट फायटर २ चं चित्र ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचं आहे, पण तेही ४:३ पडद्यावरच बसायचं. ठिपके जसेच्या तसे चौकोनी दाखवले की रयू जाडजूड दिसतो. डॉसच्या ३२० गुणिले २०० मध्येही तोच प्रकार: प्रमाणाची दुरुस्ती बंद असेल तर प्रिन्स बुटका दिसतो.

'स्प्राइट लिमिट काढा' हा पर्याय तुलना करताना बंदच ठेवा. एनईएसला एका आडव्या ओळीत ८ च स्प्राइट (गोळ्या, शत्रू अशी हलणारी छोटी चित्रं) दाखवता येतात, म्हणून गर्दी झाली की गोळ्या लुकलुकतात. मर्यादा काढली की लुकलुक जाते आणि तुम्ही 'नवीन आवृत्तीत ग्राफिक्स सुधारले' असं लिहून मोकळे होता. सेकंदाला ३० चित्रांच्या व्हिडिओवरून तुलना करण्यातही हाच धोका आहे. एका आड एक चित्रात दिसणारी गोष्ट तिथे कायम दिसते नाहीतर कायम गायब होते. स्वतः खेळून पाहा.

खरं मशीन नव्या एलसीडी टीव्हीला लावत असाल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. तो नसेल तर बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत टीव्ही स्वतःचा वेळ खातो. बदकं मारायची बंदूक एलसीडीवर चालणार नाही. ती डबा टीव्हीच्या पडद्यावर चित्र उमटण्याच्या वेळेवरच काम करते. ती दुरुस्तीला नेण्यात पैसे घालवू नका.

तपासा: '२४०पी टेस्ट सूट' हा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवा. त्यातली वर्तुळं पट्टीने मोजा, उंची-रुंदी सारखी आली पाहिजे. उशीर मोजायची चाचणीही त्यातच आहे.

## ५. आवाज

थोडक्यात आटपतो, पण हे सोडू नका. नकली मशीनांच्या बऱ्याच चिपांमध्ये चौकोनी लहरींच्या आवाजाच्या दोन छटांची अदलाबदल झालेली असायची. त्यामुळे तीच धून थोडी नाकात गायल्यासारखी किंवा पोकळ यायची. एफसीईयूएक्स आणि मेसेनमध्ये ही अदलाबदल चालू करता येते. 'स्वॅप ड्यूटी सायकल' असा शब्द शोधा. मी ती चालू करून कॉन्ट्राच्या पहिल्या टप्प्याची धून लावली तेव्हा माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या घरात ती धून तिने माझ्याइतकीच ऐकली होती.

कॉम्प्युटरवर आवाज कुठल्या साधनातून येतोय ते ठरवा. शाळेच्या लॅबमध्ये डब्यातला साधा स्पीकर पींपीं करायचा. साउंड कार्डवर तोच गेम वेगळा वाटतो.

## ६. हातातलं यंत्र आणि अवघडपणा

दोन्ही आवृत्त्या एकाच कंट्रोलरवर खेळा, शक्यतो वायरच्या. एक काचेवर बोटं घासून आणि दुसरी बटणांवर, ही तुलना होत नाही.

टीव्ही गेमच्या रिमोटवर ए-बीच्या वर दोन टर्बो बटणं असायची. दाबून धरली की गोळ्यांची बरसात. मूळ कंट्रोलरवर ती नव्हती. लहानपणी कॉन्ट्रा 'सोपा' वाटला त्यात मंद गती आणि टर्बो दोघांचा वाटा होता. तुलनेत टर्बो बंद, ३० जीवांचा कोड बंद, मधेच सेव्ह करणं बंद.

पार्लरच्या गेमला 'फारच अवघड' म्हणण्याआधी त्याची सेटिंग पाहा. जीव किती आणि अवघडपणा केवढा हे मालक बोर्डावरच्या बारीक स्विचांनी किंवा आतल्या मेनूतून ठरवायचा. नाणी लवकर पडावीत म्हणून तो वाढवला जायचाही. एम्युलेटरमध्ये कारखान्याची मूळ सेटिंग ठेवा.

## ७. आता बसा आणि ताडून पाहा

पूर्ण गेम घेऊ नका. दोन-तीन मिनिटांचा एकच तुकडा निवडा: कॉन्ट्राचं जंगल, पहिल्या भिंतीवरच्या बॉसपर्यंत. 'प्रिन्स'मध्ये पहिली तलवार मिळेपर्यंत. 'प्रिन्स'च्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मूळ गेम ६० मिनिटांचा. १९९२ ची सुपर निंटेंडो आवृत्ती २० टप्प्यांची आणि १२० मिनिटांची. टप्पेच वेगळे असल्यामुळे 'किती वेळात संपला' ही तुलना तिथे लावता येत नाही.

पहिल्या दिवशी आधी पार्लरची, मग घरगुती. दुसऱ्या दिवशी उलट. हे टाळलंत तर दुसरी खेळलेली आवृत्ती नेहमी सोपी वाटेल, कारण तोवर हात तापलेला असतो. वर्षानुवर्षांच्या भांडणांत 'अमुक आवृत्ती सोपी' म्हणणाऱ्यांनी बहुतेकदा तीच नंतर खेळलेली असते.

प्रत्येक फेरीनंतर लगेच वहीत लिहा: मेलो कुठे, उडी कुठे चुकली, काय दिसलं नाही, काय ऐकू आलं नाही. 'मजा आली' एवढंच लिहू नका, त्यातून पुढे काही हाती लागत नाही. वरच्या ओळीत प्रदेश, गती, प्रमाण आणि कंट्रोलर हे चारही लिहा.

माझ्या वहीतलं कॉन्ट्राचं पान असं आहे. पार्लर: पडदा उभा असल्याने वरून येणारा शत्रू लवकर दिसतो, समोरून येणारा उशिरा. अमेरिकन, ६०: समोर बघायला भरपूर जागा, पण वेग सवयीचा नाही, पुलाच्या स्फोटात दोनदा गेलो. जपानी, ६०: झावळ्या हलतात तेव्हा नजर मागे जाते, बाकी तोच हात. अमेरिकन, डेंडी, टर्बो बंद: पूल न अडखळता पार, भिंतीवरचा बॉस पहिल्याच फेरीत पडला, आणि त्याखाली आईची हाक वेळेवर ऐकू आली असं मी लिहून ठेवलंय, कारण ५० च्या वेगावर खेळताना मला अजूनही आजूबाजूचं ऐकू येतं.